सात नंबरचं पथ्य

आमी मूळचे निघोज्याचे. नदीच्या अंगाला दोन घरं, मधी एकच भिंत, अलीकडं आमी आन पलीकडं माझा चुलता, तात्या. माझं नाव बबन. बाप मला आठवत बी न्हाई इतक्या लहानपनी गेला, आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपून, शेंगा फोडून मला सातवीपर्यंत शिकवलं, आन पानशेतचं धरन फुटलं न्हवं का, त्याच्या पुढच्या साली मी कासारवाडीला औषदाच्या कंपनीत लागलो. कंपनी काय फार मोठी न्हवती, काढे, चूर्न, आसवं, असला माल, पन्नासेक मानसं, आता ती कंपनी बी न्हाई, तिथं गाळे झाल्यात. निघोज्यावरनं मोशी, भोसरी करत सायकल मारायची, जाताना वारं तोंडावर आन येताना बी तोंडावरच, ते कसं काय ते मला अजून कळलं न्हाई.

आता इथं निगडीला प्राधिकरनात आमच्या दोन खोल्या. ही खाटंवर बसलीय ती माझी आई. तिला उजव्या कानानं चांगलं येतं, म्हनून मी तिच्या उजव्या अंगाला बसलोय आन मोठ्यानं बोलतोय, न्हाईतर तुमाला वाटंल ह्यो मानूस वरडतोय का. आत चहा ठेवतीय ती हिरा, माझी मंडळी. आन दाराशी बसलीय ती सुमन, आमची लेक, चाकनला दिलीय, लग्नाला दोन वर्सं झाली, अजून पाळना हलला न्हाई. त्या कोनाड्यात कागदाची पुडी दिसती का तुमाला? त्यात बिबा हाय. म्हातारीनं काल शेजारनीकडनं आनवलाय, उद्या सुमनच्या पोटावर घालायचा म्हनती, तिच्या आईला गुन आला तसा हिला येईल म्हनती. सर, तुमी कामगारांच्या हकिकती लिहून घेता असं कळलं, म्हनून मी तुमाला आजच या म्हनलो, उद्या न्हाई. मला बोलायचंय ते तुमाला सांगायला सोपं जातंय, पन ऐकवायचंय तिला.

तर कंपनीत मला काम कसलं, तर उंदरांचं. हसू नका. पांढरे उंदीर, लाल डोळ्याचे, एका खोलीत पिंजऱ्यावर पिंजरे, त्यांचा भुसा बदलायचा, पानी, दाना, कुनाला खरूज झाली का बघायचं, शेपटीवर शाईच्या रेघा मारून नंबर ठेवायचे. गावात इचारायचे, बबन्या कंपनीत काय करतो, मी म्हनायचो, जनावरांच्या खात्यात हाय, लोकांना वाटायचं म्हशी असतील. त्या खात्याच्या साहेब म्हंजे लेले बाई, एमेस्सी झालेल्या, तिशीच्या आत-बाहेर, बारीक अंगाच्या, चष्मा, आन बाईला जगातल्या सगळ्या गोष्टींचं एकच, असं का? चहावर साय का येती, सायकलीचं चाक उलटं का फिरल्यासारखं दिसतं, बबन तू डाव्या हातानं उंदीर का धरतोस? मी म्हनायचो, बाई, सवय. तर म्हनायच्या, सवय म्हणजे उत्तर नव्हे. मला आधी लई वैताग यायचा, मंग माझी मलाच ती खोड लागली.

आता पुढचं सांगतो, ह्ये दोन मानसं सोडली तर आजवर मी भिंतीला बी सांगितलं न्हाई. माझं लगीन झालं, हिरा खेडचं शिवार सोडून आमच्यात आली, आन माझ्याकडनं काय व्हईना. काय सांगू तुमाला, तब्येत चांगली, सायकल मारतोय, पोती उचलतोय, पन तिच्याजवळ गेलो की अंग गार पडायचं, मनात एकच, आज बी व्हनार न्हाई, आन मंग खरंच व्हायचं न्हाई. एक महिना, सहा महिने, वरीस. मी तिच्यासंगं बोलायचं टाकलं. ती बिचारी काय बोलायची न्हाई. आन आई रोज तिच्याकडं बघायची, शेजारनी बघायच्या, उपास झाले, देव झाले, आन एक दिवस आईनं बिबा आनला. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, आन हिराच्या पोटावर बेंबीच्या भवती ठिपके दिले, सात. बिबा उतला तिला, फोड आले, पंधरा दिवस नीट वाकता येईना. मी तिथंच उंबऱ्यात बसलो व्हतो. मला ठाऊक व्हतं खोट कुनात हाय. मी आईला म्हनायला पायजे व्हतं, थांब. मी म्हनलो न्हाई. म्हातारी, ऐकतीस न्हवं? व्हय, तुलाच म्हनतोय.

ऐकतीय ती. चेहऱ्यावर दाखवनार न्हाई, पन ऐकतीय.

तर ह्याच्यावरचं औषद भिंतीच्या पलीकडंच व्हतं, ही खरी गंमत. तात्या मुळी द्यायचा. बाप्यांच्या ह्याच दुखन्यावर. पार जुन्नर, मंचर, मावळातनं मानसं यायची, टोपी खाली वढून, आजूबाजूला बघत. तात्या पैसा घ्यायचा न्हाई, पन त्याचा रिवाज कडक. बाप्यानं स्वता यायचं, दुसऱ्याला धाडायचं न्हाई, आन स्वताच्या तोंडानं म्हनायचं, माझ्याकडनं काम व्हत न्हाई. म्हनल्याशिवाय मुळी न्हाई. मुळीचं नाव इचारायचं न्हाई, नाव काढलं की गुन जातो म्हनायचा. आन पथ्य एकवीस दिवसांचं, दूध-तूप खायचं, आंबट-तिखट, दारू बंद, जागरन न्हाई, राग न्हाई, आन घरच्या मानसाशेजारी बसायचं, बोलायचं, पन तिला हात लावायचा न्हाई. आता सांगा, मी कसा जानार? सख्खा चुलता, रोज सकाळी एकाच आडावर तोंड धुतो आमी. त्याच्यापुढं ते वाक्य माझ्या तोंडातनं निघालं नसतं.

मंग झालं काय, कंपनीच्या शेठला पुरुषांसाठी एक गोळी काढायची व्हती. त्यानं बाईंना सांगितलं, गावाकडची चांगली औषदं हुडका. बाईंनी आमा सगळ्यांना इचारलं, कुनाला काय माहिती हाय का, आन माझ्या तोंडातनं तात्याचं नाव निघून गेलं. चार दिवसांनी बाई कंपनीच्या जीपमधनं निघोज्यात. गावात गर्दी. तात्यापुढं बाई ओट्यावर मांडी घालून बसल्या आन सरळ इचारलं, कुठल्या वयाची मानसं येतात, किती दिवसांत फरक पडतो, न पडलेली किती? मी खाली मातीकडं बघत. तात्या पन खाली मातीकडं बघत. त्यानं मुळी द्यायला हो म्हनलं, पन पूड करून, वळखू येऊ नये म्हनून, आन म्हनला, पथ्य पाळलं पायजे, बिगर पथ्याची माझी मुळी कुनाला द्यायची न्हाई. बाई हसल्या, अहो, उंदरांना कसलं आलंय पथ्य. जीपकडं जाताना तात्यानं माझं मनगट धरलं, बबन्या, तुझ्याकडं दिली म्हनून दिली, पथ्य तू बघायचं. मी म्हनलो, बघतो. शब्द दिला.

आता त्या खोलीचं सांगतो, त्ये लई भारी व्हतं. उंदीर दिवसा झोपतो आन अंधारात त्याचा संसार चालतो. मंग बाईंनी दिवसच उलटा केला. खिडक्यांना काळा कागद, दिवसा नुसता एक लाल दिवा, आन आमी घरी जाताना पांढरे दिवे लावून जायचे. उंदरांना वाटायचं आता रात झाली. भर उन्हातनं आत गेलो की लाल अंधार, बाहेर आलो की डोळे दिपायचे. काचेच्या पेटीत एक नर, एक मादी सोडायची, बाईंच्या हातात घड्याळ, आन मी बघून सांगायचं, किती वेळानं जवळ गेला, किती वेळा चढला. आता ह्यो शब्द मी एका बाईमानसापुढं कसा बोलू? पहिल्या दिवशी मी गप्पच. बाई म्हनल्या, बबन, झोपलास का? मंग आमचं ठरलं, मी पेन्शीलीनं टेबलावर ठोका द्यायचा, टक. एक टक म्हंजे एकदा. बाई लिहायच्या. दोन मानसं लाल दिव्यात बसून उंदराकडं टक लावून बघतायत, बाहेरनं कुनी बघितलं असतं तर दोघांना येडे म्हनून येरवड्याला धाडलं असतं.

औषदाच्या आधी सगळ्यांची एक चाचनी घेतली. त्यात सात नंबर. धट्टाकट्टा उंदीर, पन मादी आत सोडली की ह्यो कोपऱ्यात जाऊन तोंड धूत बसायचा. तोंड धुतोय, मिशा पुसतोय, ती जवळ आली की आनखी कोपऱ्यात. बाई म्हनायच्या, असं का? मला म्हाईत व्हतं असं का. मला त्याचं तोंड धुनं बघवायचं न्हाई.

मंग वीस नर घेतले, दहांना मुळी पान्यातनं, दहांना नुसतं पानी. सात नंबर मुळीत. आन इथं मी ती चूक केली. मला ती चूक वाटलीच न्हाई, तात्याला शब्द दिला व्हता ना. मुळीवाले दहा मी उचलून लांबच्या फळीवर नेले, माद्यांच्या वाऱ्यापासनं बाजूला, पलीकडं चूर्न दळायची चक्की चालायची, तिची भिंत सोडून, शांत जागी. माझ्या चहाच्या दुधातलं दूध, घरनं नेलेलं तूप, थेंब थेंब. गोनपाट टाकलं. हळू हातानं उचलायचो, राग आला असंल तर आधी बाहेर जाऊन पानी प्यायचो. राग चालत न्हवता ना पथ्याला. बाकीचे दहा व्हते तिथंच, चक्कीच्या धडधडीत, कोरड्या दान्यावर. बाईंना मी काय बोललो न्हाई. बिगर पथ्याचं औषद कुनी देतं का, त्यात सांगायचं काय.

एकवीस दिवस झाले, चाचनी घेतली. पानीवाले कसेबसे. आन मुळीवाले, काय सांगू तुमाला, टक, टक, टक, माझी पेन्शील थांबंना. सात नंबर सोडला. त्यानं तोंड धुतलं. एकदाच. मंग गेला की राव तिच्याकडं. टक. माझ्या डोळ्यात पानी आलं, लाल दिव्यात बाईंना दिसलं न्हाई म्हनून बरं. बाई घड्याळ विसरून उभ्या राहिल्या. शेठनं खाली लेबलं छापायला टाकायची बोलनी लावली.

त्या दिवशी मी मुळीची पूड कागदात बांधून घरी आनली. चोरीच ती. पन घ्यायची म्हनलं तर पथ्य आलं, आन पथ्य म्हंजे हिराला हात लावायचा न्हाई. ती काय समजंल? आई दुसऱ्या सोयरिकीचं बोलायला लागलीच व्हती, हिराचे भाऊ तिला न्यायला येनार असं बी चाललं व्हतं. म्हनून तिन्हीसांजेला परसात तिला गाठलं, आन जे वाक्य तात्यापुढं निघत न्हवतं ते तिच्यापुढं काढलं. माझ्याकडनं व्हत न्हाई, हिरा, तुझ्यात काय न्हाई, मी औषद घ्यायचं म्हनतोय. ती गवऱ्या रचत व्हती, रचतच राहिली. मंग म्हनाली, मला काय ठाऊक न्हवतं व्हय, तुमच्याच शेजारी झोपते न्हवं मी. मी म्हनलो, मंग तू कुनाला बोलली का न्हाईस? ती म्हनाली, तुमी का न्हाई बोललात, बिबा घालत व्हते तवा?

पन त्या दिवसापासनं आमी बोलाय लागलो. पथ्यच व्हतं ना, शेजारी बसायचं, बोलायचं. मी तिला उंदरांचं सांगायचो, टकचं सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की आई बाहेर आली. रोज कामावरनं आलो की इचारायची, सात नंबर काय म्हनतोय? हात लावायचाच न्हाई म्हनल्यावर भीती कशाची? आज व्हईल का न्हाई ह्यो हिशेबच न्हाई. आन सतराव्या दिवशी पथ्य मोडलं. मी मोडलं का तिनं, ते लिहू नका. मी घाबरलो, म्हनलं, चार दिवस बाकी व्हते, आता गुन जातो का काय? ती म्हनाली, गेला तर जाऊ द्या, पुन्हा एकवीस दिवस बोलत बसू.

तिकडं बाई अहवाल लिहाय लागल्या, म्हनल्या, बबन, दोन्ही गटांचं खाणं-पिणं सांग. मी छाती फुगवून सांगितलं, दूध, तूप, लांबची फळी, सगळं. बाईंनी पेन खाली ठेवलं. अरे बबन, काय केलंस हे! मंग मुळीनं झालं की दुधानं झालं की शांततेनं, कसं सांगू मी आता? मला वाटलं नोकरी गेली. पन बाईंचा राग किती वेळ, तर चहा गार व्हईपर्यंत. मंग डोळे बारीक केले आन म्हनल्या, असं का? मी वळखलं, वाचलो.

पुन्हा सगळं मांडलं, चार गट. मुळी आन पथ्य, नुसती मुळी, नुसतं पथ्य, आन काहीच न्हाई. सात नंबर ह्या येळंला आला नुसत्या मुळीत, चक्कीच्या भिंतीला. मी बाईंच्या पाया पडायचा बाकी राहिलो, त्याला तेवढा पथ्यात घ्या. न्हाई म्हनल्या, चिठ्ठी निघाली तसं. एकवीस दिवसांनी सात नंबर कोपऱ्यात तोंड धूत बसला. आन नुसत्या पथ्याचे, मुळीचा कन बी न खाल्लेले, मुळी-पथ्यवाल्यांच्या बरोबरीनं टक टक. शेठनं गोळीचा नाद सोडला. बाई मातर म्हनल्या, एवढ्याशा उंदरांवरून मुळीत काही नाही असं छातीठोक म्हणता येणार नाही, बबन, एवढंच म्हणता येईल की आपल्याला दिसलं नाही. सात नंबरला नंतर मीच लांबच्या फळीवर नेला, मरंपर्यंत दूध दिलं त्याला.

ह्ये तात्याला सांगायला मला लई भ्या वाटलं. सगळं सांगितलं, माझं बी सांगितलं, ते वाक्य बी म्हनलो एकदाचं. तात्या चिडला न्हाई. म्हनला, अरे, शतावरी हाय ती. बाळंतिनीला दुधासाठी देत्यात तीच, बांधाबांधावर मिळती. नाव सांगितलं तर एक तरी बाप्या खाईल का बायकांची मुळी? आन मुळी न्हाई दिली, तर एकवीस दिवस बायकूशेजारी नुसतं बोलत बसायला कोन ऐकंल रं?

वरसाच्या आत सुमन झाली. बारशाला आई सगळ्या बायकांना सांगत फिरली, बिब्याचा गुन आला. आन मी पेढे वाटत व्हतो. तवा बी मी बोललो न्हाई. हिरानं माझ्याकडं बघितलं, मी पेढ्यांकडं बघितलं. आन मंग आईच्या सांगन्यावरनं आमच्या आळीतल्या दोन सुनांना बिबे घातले, सर. दोन पोरी भाजल्या माझ्या गप्प बसन्यापायी. त्या मला अजून दिसत्यात. आता जिथं कामाला हाय त्या कंपनीतली पोरं आजबी माझ्याकडं येत्यात, भाऊ, ती मुळी द्या ना, मी देतो, तात्याचंच पथ्य सांगतो, त्यात माझं एक वाढीव, आधी घरी सगळ्यांपुढं सांगायचं की बायकूची चूक न्हाई. लोकांना सांगतो, आन माझ्याच घरात आईपुढं मी सांगितलं न्हवतं.

आता सांगितलं. आई, तुझ्या बिब्यानं काय झालं न्हाई. हिरा तवा बी धड व्हती. खोट माझ्यात व्हती. सुमनला हात लावायचा न्हाई, ती आन जावई दोघं मिळून डाक्तरकडं जातील, काय ते बघतील.

थांबा, सर, लिहायचं थांबा जरा. म्हातारी काय म्हनतीय बघू.

हिराला बोलावतीय.

…

तुमी बघितलंच सगळं, पन लिहा, मी सांगतो तसं लिहा. आईनं हिराला खाटंवर जवळ बसवलं, लुगड्यावरनंच तिच्या पोटावर हात ठेवला, बेंबीच्या भवती, आन इचारलं, दुखलं व्हतं का गं तवा? हिरानं एकदा माझ्याकडं बघितलं. दुखलं, म्हनाली. वीस वर्सांत पहिल्यांदा म्हनाली. मंग हात तसाच ठेवून आई सुमनला म्हनाली, ती पुडी काढ गं कोनाड्यातनं, धोब्याला देऊन ये, कापडावर खुना करायचं काम त्याचं. चहा गार झाला तुमचा, सर, सुमन आली की दुसरा करती.